पाईपच्या पोटातली वाट : जुन्या पाईपची हवानळी साफ आणि गुळगुळीत करण्याची रीत

तंबाखू ओढायचा जुना पाईप दुरुस्तीला आला की हात आधी बाहेरच्या लाकडाकडे जातो. बाऊल, म्हणजे तंबाखू भरायची वाटी, घासला, मेण चढवलं, स्टेम, म्हणजे ओठात धरायची नळी, काळंभोर केलं की काम झालंसं वाटतं आणि फोटोही झकास येतो. पण पाईप म्हणजे शेवटी हवा जायची एक नळी. बाऊलच्या तळापासून ओठांपर्यंतची पाच-साडेपाच इंचांची ही वाट डांबराने लिंपलेली आणि आतून खरबरीत असेल, तर वरची चकाकी नुसती दाखवायची. असा पाईप ओढणाऱ्याला गुरगुर ऐकवतो. आणि नुसता कपाटात ठेवला, तरी कपाट उघडताच वास मारतो.

आमच्या इंदुरात असे पाईप अजून बऱ्यापैकी निघतात. महूची छावणी जवळच, त्यामुळे निवृत्त फौजी अधिकाऱ्यांच्या घरात एखादा तरी सापडतोच. इकडे राजवाड्याच्या आसपासच्या जुन्या वाड्यांत माळा झाडायला घेतला की पितळी अडकित्त्याशेजारी आजोबांचा पाईप सापडतो. आणणाऱ्यांपैकी निम्म्यांना तो ओढायचा नसतो, नुसता नीट करून ठेवायचा असतो. तंबाखूबद्दल मी कुणाला सांगणार? पाकिटावरचं चित्र पुरेसं बोलकं असतं. पण वस्तू नीट करायची तर आतूनही करायची, एवढाच माझा हट्ट.

नेमकं काय साधायचं आहे

'पॉलिश' म्हटलं की आरशासारखी चकाकी डोळ्यांपुढे येते. आतल्या वाटेला ती फारशी लागत नाही. तिथे घालवायच्या असतात पायऱ्या, कंगोरे आणि ड्रिलच्या फिरकीच्या रेघा. तंबाखूत ओल असते आणि जळतानाही पाण्याची वाफ तयार होते. ती वाफ धुरासोबत थंड होत पुढे सरकते. वाट सरळ आणि सलग असेल तर बरीचशी बाहेर पडते. मध्ये पायरी किंवा पोकळी आली की हवा तिथे भोवरा घेते, थेंब जमतो, थेंबात डांबर विरघळतं आणि गुरगुर सुरू होते. खरबरीत भिंतीला तर डांबर पहिल्या दिवसापासून चिकटतं, आणि एकदा थर बसला की त्यावर पुढचा बसतच जातो.

म्हणून महत्त्व कशाला किती ते लक्षात ठेवा : सगळ्यात जास्त जोडाच्या जागांना, मग स्टेमच्या भिंतीला, आणि लाकडाच्या भिंतीला सगळ्यात कमी, तिथे हात हलकाच. बरेच जण उलटं करतात. लाकडात ड्रिल घालून भोक मोठं करतात आणि लाकडात बसणाऱ्या स्टेमच्या खुंटाच्या टोकाकडे बघतही नाहीत.

वाटेची ओळख आणि थोडं गणित

बाऊलच्या तळाला एक भोक असतं. तिथून लाकडी दांड्यातून नळी निघते आणि एका रुंद खोबणीत उघडते. त्या खोबणीत स्टेमचा गोल खुंट, म्हणजे टेनन, बसतो. टेननमधून स्टेमची नळी सुरू होते, पुढे निमुळती आणि चपटी होत जाते आणि ओठाशी आडव्या फटीत उघडते. लाकूड बहुधा ब्रायर, म्हणजे भूमध्य सागराच्या काठी वाढणाऱ्या एरिका आर्बोरिया या झुडपाच्या मुळाशी येणारी गाठ. स्टेम जुन्या पाईपात बहुतेक वेळा एबोनाइटचं असतं. भरपूर गंधक घालून कडक केलेलं हे रबर. नेल्सन गुडइयरने त्याचं पेटंट १८५१ साली घेतलं. जुनी फाउंटन पेनं आणि बँडवाल्यांच्या क्लॅरिनेटचं तोंड याच मालाचं. नव्या पाईपांना ॲक्रिलिकचं स्टेम असतं, आणि त्याची वागणूक अगदी वेगळी.

लाकडातली नळी साधारण साडेतीन ते चार मिलिमीटरची असते. हा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण हवेला लागतं क्षेत्रफळ, आणि ते व्यासाच्या वर्गाने वाढतं. साडेतीनची नळी चारची केली की वाट ३० टक्क्यांनी मोठी होते. म्हणजे घासता घासता अर्धा मिलिमीटर गेला तर पाईपचा स्वभावच बदलला. स्टेमच्या टोकाशी हेच गणित उलटं चालतं. चार मिलिमीटरच्या गोल नळीचं क्षेत्रफळ साडेबारा चौरस मिलिमीटर. ओठाशी फट दीड मिलिमीटर उंच आणि आठ मिलिमीटर रुंद असेल तर बारा. म्हणजे हवेला जागा जवळजवळ तेवढीच, आकार तेवढा बदलला. चांगला कारागीर नेमकं हेच साधतो. स्वस्त पाईपात फट करवतीने नुसती कापलेली असते आणि आत कुसळं तशीच राहतात.

नळीचं माप घ्यायला वेगळं यंत्र लागत नाही. ड्रिल बिटची मागची गुळगुळीत दांडी आत सरकवून बघा. ३.५ ची सहज जाते आणि ३.८ ची अडते, तर माप मधलं आहे. हे माप कामाच्या आधी लिहून ठेवा आणि काम संपल्यावर पुन्हा घ्या. फरक जाणवण्याइतका निघाला तर जास्त घासलं गेलं.

सामान

सियागंजात एक फेरी मारली की निम्मं सामान मिळतं : ४००, ६००, ८००, १००० आणि २००० नंबरचा वॉटर पेपर (ओला करून वापरायचा घासकागद), दोन-तीन मापांचे ड्रिल बिट, पातळ मऊ तांब्याची तार, नायट्राइलचे हातमोजे. बारीक सुई-कानशी आणि ट्रिपोलीची, म्हणजे तांबूस पॉलिशची, वडी सराफ्यात, दागिन्यांच्या हत्यारांच्या दुकानात मिळते. दिवसा जा, रात्री तिथे भुट्ट्याचा कीस मिळतो, कानस नाही.

साफसफाईला ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपाइल अल्कोहोल घ्या. सॅनिटायझर नको, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. फर्निचरच्या पॉलिशवाल्याकडचं स्पिरिटही नको, त्यात मेथॅनॉल असू शकतं, आणि ही वस्तू तोंडात जाणार आहे. पाईप क्लीनर, म्हणजे नळीत घालायच्या धागे पिळलेल्या लवचीक तारा, सुतीच हवेत. स्टेशनरीच्या दुकानातले रंगीबेरंगी क्राफ्टचे क्लीनर कृत्रिम धाग्याचे असतात. ते शोषत काहीच नाहीत, वर अल्कोहोलमध्ये रंग सोडतात. त्यापेक्षा दातांच्या फटींचे बारीक ब्रश किंवा स्टीलच्या स्ट्रॉसोबत येणारा नायलॉनचा ब्रश उत्तम. ब्रशच्या टोकाला तार उघडी असेल तर पकडीने वाकवून आत वळवा, नाहीतर भिंतीवर ओरखडे पडत जातील.

आणि दोरा. संक्रांतीच्या पतंगाचा उरलेला दोरा घरोघरी असतो. त्यातली सद्दी घ्या, साधी सुती. मांजाला हातही लावू नका. त्यावरची काचेची पूड एबोनाइटमध्ये रुतून बसते आणि नंतर कशानेही निघत नाही.

आधी धुलाई, मग घासाई

डांबरावर पॉलिश मारलं तर चमकतं ते डांबर. म्हणून पहिला टप्पा पूर्ण साफसफाईचा, आणि सगळ्यात जास्त वेळही इथेच जातो.

स्टेम आणि लाकूड वेगळं करा, पण पाईप पूर्ण थंड असतानाच. नुकत्याच ओढलेल्या पाईपचं स्टेम उपसायला गेलं की टेनन तुटतो नाहीतर दांडा उलतो. जुना पाईप जाम झाला असेल तर रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. एबोनाइट लाकडापेक्षा जास्त आकसतं आणि पकड सुटते. मग पिरगळत काढा, तेही एकाच दिशेने.

हातमोजे घाला. या डांबरात निकोटिन असतं आणि ते कातडीतून आत जातं. खिडकी उघडी ठेवा. देवघरातला दिवा किंवा गॅस पेटलेला असेल तर अल्कोहोलची बाटली उघडू नका.

स्टेममधून आधी कोरडा क्लीनर, मग अल्कोहोलने ओला, मग पुन्हा कोरडा. पहिले काही क्लीनर कोळशासारखे काळे निघतात, पुढे तपकिरी, मग चहाच्या रंगाचे. फिकट पिवळ्यापर्यंत आणायचंच. एबोनाइट अल्कोहोलमध्ये बुडवून ठेवू नका, पुसण्यापुरतंच लावा. गरम पाणी तर बिलकूल नको; त्याने एबोनाइट पाहता पाहता मातकट होतं. ॲक्रिलिक असेल तर अल्कोहोलच नको, त्याला केसाएवढ्या भेगा पडतात. त्याला कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाचा थेंब पुरतो.

लाकडाच्या बाजूला खोबणीच्या तळाशी डांबराचं कडं जमलेलं असतं. क्लीनर त्यावरून घसरत जातो, म्हणून वरवर वाटतं की साफ झालं. दातांच्या डॉक्टरांकडचं वाकडं हत्यार मिळालं तर त्याने खरवडा, नाहीतर चपट्या टोकाचा बारीक स्क्रू-ड्रायव्हर चालतो. मग कापूसकाडी अल्कोहोलमध्ये बुडवून फिरवत राहा.

नळीतला कडक थर ड्रिल बिटने काढायचा, पण मशीनवर नाही. बिटच्या मागच्या टोकाला चिंधी गुंडाळा, बोटांत धरा आणि हाताने फिरवा. नळीच्या मापापेक्षा थोडं बारीक बिट घ्या. अर्धा-पाऊण वेढा, बाहेर काढा, पुसा, पुन्हा आत. बिटच्या खोबणीत काय निघतंय ते प्रत्येक वेळी बघा. आधी काळं आणि चिकट येतं, बोटावर ठेवलं तर ताणलं जातं. मग काळी कोरडी पूड. त्यानंतर एकदम रंग पालटतो आणि पूड तपकिरी-गुलाबी, भुरभुरीत दिसते. तो ब्रायर. ती पूड दिसली की तिथल्या तिथे थांबा, पुढे एक वेढाही नको.

जो वास मुरलाय तो यानेही जात नाही. त्यासाठी बाऊलमध्ये कापूस सैलसर भरा, कापसाचीच वात वळून दांड्याच्या नळीत घाला आणि ड्रॉपरने अल्कोहोल सोडा. बाऊलच्या काठाखाली बोटभर जागा सोडा. काठावर सांडलं तर बाहेरची चपड्याची पुटं विरघळतील आणि पांढरट डाग राहील. रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी कापूस तपकिरी झालेला असतो. तो फेकून नवा भरा. कापसाऐवजी मीठ घालायचीही जुनी पद्धत आहे. मला ती पसंत नाही. नळीत अडकलेले खडे काढणं हा वेगळाच ताप होतो, आणि मिठामुळे दांडा उलल्याच्याही तक्रारी आहेत. अल्कोहोल उकळून त्याची वाफ पाईपातून खेळवायची पद्धतही काही जण वापरतात. घरच्या ओट्यावर ज्वालाग्राही द्रव तापवण्याइतकी निकड मला आजवर कुठल्याच पाईपात दिसली नाही.

यानंतर लाकूड सुकू द्या. उन्हाळ्यात दोन दिवस पुरतात. आषाढ-श्रावणात आठवडा धरा. ओल्या लाकडावर घासकाम केलं तर तंतू उभे राहतात आणि भिंत आणखीच केसाळ होते.

बघून घ्या

सरळ स्टेम असेल तर टेननच्या बाजूला मोबाईलचा टॉर्च धरा आणि फटीतून आत बघा. मग बाजू बदलून बघा. नीट भिंत असेल तर उजेडाची सलग कडी दिसते. ड्रिलच्या रेघा असतील तर स्प्रिंगसारखे वेढे दिसतात. साच्यातल्या स्टेममध्ये लांबलचक शिवण उभी दिसते. मग कोरडा क्लीनर सावकाश सरकवा. तो कुठे अडखळतो ते बोटाला कळतं. तिथे बाहेरून पेन्सिलची खूण करा. पुढचं काम त्या खुणांपुरतंच आहे.

लाकडाची भिंत

हा भाग लवकर संपतो आणि संपायलाही हवा. जळून उरलेली उदबत्तीची काडी घ्या, तिच्यावर ४०० च्या वॉटर पेपरची अरुंद पट्टी तिरकी गुंडाळा आणि दोन्ही टोकं फेविकॉलने चिकटवा. ही काडी नळीत सैल गेली पाहिजे. ठासून बसत असेल तर पट्टी कमी करा. गोल फिरवत पुढे-मागे करा, मग ६०० ची पट्टी, आणि थांबा. लाकडाला ६०० च्या पुढे नेण्यात काही हशील नाही. ट्रिपोली किंवा कुठलंही मेणाचं पॉलिश लाकडाच्या नळीत घालू नका. ते छिद्रांत बसतं, ऊब लागली की पातळ होतं आणि धुरात उतरतं. नळी जिथे बाऊलमध्ये उघडते त्या भोकाला कधीही कानस लावू नका. ते गोल असेल तसंच राहू द्या.

फुंकून पूड काढा, अल्कोहोलचा एक क्लीनर फिरवा. लाकडाचं झालं.

स्टेममध्ये दोरा

हे खरं पॉलिशचं काम, आणि मी ते शिकलो सराफ्यात. दागिन्याच्या जाळीत जिथे ब्रश पोचत नाही तिथे पॉलिशवाले दोऱ्यांची जुडी ओवून घासतात. एका पॉलिशवाल्या काकांना मी स्टेम दाखवलं. त्यांनी ते उजेडाकडे धरून बघितलं, माझ्या हातातला दोरा काढून घेतला आणि म्हणाले, "भिया, दोरा नका ओढू. दोरा बांधा आणि चीज ओढा." सगळी मेख या एका वाक्यात आहे. दोरा हातात धरून ओढला की तो सैल पडतो, तिरका जातो आणि एकाच जागी कापत राहतो. दोन्ही टोकं बांधून ताणलेल्या दोऱ्यावर स्टेम सरकवलं की दाब सारखा राहतो.

सद्दीचे सहा-आठ पदर एकत्र पीळ देऊन घ्या. नळीत जेमतेम मावतील इतके हवेत. पदर कमी पडले तर दोरा एका बाजूला टेकतो आणि करवतीसारखी चर पाडतो. जुडी नळी भरून असेल तर सगळ्या भिंतींवर सारखी फिरते. स्टेमची नळी निमुळती असते, म्हणून जुडीही एका टोकाला बारीक ठेवा : अर्धे पदर मध्येच कापून गाठ न मारता पिळात दाबून टाका. बारीक बाजू ओठाकडे.

ओवायला तांब्याच्या तारेचा दुहेरी आकडा करा, टेननकडून आत घाला, फटीतून बाहेर काढा, दोरा अडकवा आणि मागे ओढा. तार अडली तर जोर लावू नका. दोऱ्याच्या टोकाला चिमूटभर कापूस बांधा आणि दुसऱ्या बाजूने व्हॅक्युम क्लीनर लावा, दोरा सुर्रकन येतो.

एक टोक खिडकीच्या गजाला, दुसरं दाराच्या कडीला. दोरा तारेसारखा ताणून बांधा. आता त्याच्यावर काय लावायचं? रेघा खोल असतील तर आधी वॉटर पेपर. ६०० च्या कागदाची दोन-तीन मिलिमीटर रुंद लांब पट्टी कापा, दोऱ्याभोवती नागमोडी गुंडाळा, टोकं बांधा, पाण्याने ओली करा. पाणी तीन कामं करतं : पूड उडत नाही, घर्षणाची उष्णता कमी होते आणि कागद चोंदत नाही. एबोनाइटची कोरडी पूड छातीत जायला नको, त्यामुळे कोरडं घासायचंच असेल तर मास्क हवाच. पण कोरडं घासूच नका.

स्टेम हळू, लांब हाताने सरकवा. दर चार-पाच हातांनंतर पाव वेढा फिरवा. न फिरवता घासत राहिलात तर तुमच्याच हाताने चर पडेल. गंधकाचा वास आला, जळक्या रबरासारखा, तर स्टेम तापतंय असं समजा आणि थांबून पाण्यात धरा. ॲक्रिलिक तर तापलं की वासही न देता चिकट होतं आणि पूड परत भिंतीलाच बसते, म्हणून त्याला आणखी हळू आणि कायम ओलं.

६०० नंतर ८००, मग १०००, मग २०००. प्रत्येक नंबर बदलताना स्टेम धुवा आणि दोरा नवा घ्या. जुन्या दोऱ्यात राहिलेला एक जाड कण पुढच्या सगळ्या कष्टावर पाणी फिरवतो. रेघा मुळातच बारीक असतील तर सरळ १००० पासून सुरुवात करा.

शेवटी कोरड्या सद्दीवर ट्रिपोलीची वडी चोळा आणि त्यावर स्टेम तसंच सरकवा. वडी फार चोळू नका. दोरा जरा तांबूस दिसला की पुष्कळ. ट्रिपोलीऐवजी टूथपेस्ट चालते का, असं हमखास विचारतात. पांढरी साधी पेस्ट चालते, काम हळू होतं, आणि धुवायला सोपी. रांगोळी मात्र नको. वस्त्रगाळ केली तरी एखादा खडा राहतोच. ब्रासोसारखी धातूची पॉलिशंही आतल्या बाजूला नकोत. तोंडात जाणाऱ्या नळीत ती रसायनं कशाला?

वाकड्या स्टेमला दोरा लावताना दहा वेळा विचार करा. ताणलेला दोरा वळणाच्या आतल्या बाजूला टेकतो आणि तिथेच कापतो. बाहेरची बाजू कोरीच राहते. स्टेम तापवून सरळ करून घासायचं आणि पुन्हा वाकवायचं, असंही काही जण करतात. जुनं एबोनाइट वळवताना चिरायचा धोका असतो आणि मूळ वळण हुबेहूब परत येत नाही, म्हणून मी त्या वाटेला जात नाही. वाकड्या स्टेमला जाड, मऊ पाईप क्लीनर घ्या, पेस्टमध्ये बुडवा आणि हाताने पुढे-मागे करा. वेळ लागतो, चकाकी थोडी कमी येते, पण वाट गोल राहते.

ओठाची फट

फटीच्या आत बहुधा करवतीची कुसळं असतात आणि जुन्या पाईपात त्यांच्यात डांबर ठासून बसलेलं असतं. आधी ते टाचणीने कोरून काढा. मग चपटी सुई-कानस, तीही आतून बाहेर या दिशेने. वर-खाली कानस मारली तर फट उंच होते आणि ओठाचा भाग पातळ पडतो. दात लागून एबोनाइट आधीच झिजलेलं असतं, त्यात भोक पडायला वेळ लागत नाही. फटीचे दोन्ही कोपरे पंख्यासारखे आतल्या नळीकडे मिळत गेले पाहिजेत. वॉटर पेपरची पट्टी दुहेरी घडी करून फटीत घाला आणि ४०० पासून १००० पर्यंत या. क्लीनरचं टोक आता बाहेरून न बघता आत गेलं पाहिजे.

जोड

एवढं सगळं केलं आणि जोड सोडला तर निम्मं काम राहिलंच. व्हर्नियर कॅलिपरच्या मागून बाहेर येणाऱ्या पट्टीने खोबणीची खोली मोजा, मग टेननची लांबी. खोली जास्त असेल तर तितकी पोकळी स्टेम बसवल्यावरही आत राहते. अर्धा-एक मिलिमीटर चालतो, लाकूड फुगायला तेवढी जागा लागतेही. तीन-चार मिलिमीटर असेल तर गुरगुरीचं मूळ सापडलं. त्याला घासून इलाज नाही, टेनन बदलावा लागतो. म्हणूनच टेननचं टोक 'सपाट करू या' म्हणून कधी घासू नका, लांबी जाते.

टेननच्या तोंडाची धार मात्र मोडायची. धारदार कडेवर हवा आपटली की पाईप शिट्टी वाजवतो. शंकूच्या आकाराचं काउंटरसिंक बिट हातात धरा, टेननच्या तोंडात ठेवा आणि हलकेच दोन-तीन वेढे द्या. कड साधारण ४५ अंशांत उतरली की पुरे, फुलपात्राच्या कडेसारखी. मग १००० चा कागद बोटाने फिरवा. फार खोल गेलात तर टेननची भिंत पातळ होऊन तुटेल.

धुणं आणि परीक्षा

आतमध्ये पॉलिशचा कण राहता कामा नये. कोमट पाणी, साबणाचा थेंब, नायलॉनचा ब्रश, मग साधं पाणी, मग एबोनाइट असेल तर अल्कोहोलचा एक क्लीनर, मग कोरडे. शेवटचा क्लीनर पांढरा शुभ्र निघाला नाही तर पुन्हा धुवा. आतून मेण किंवा तेल काहीही लावू नका.

आता पाईप जोडा. फटीतून क्लीनर घाला आणि बाऊलपर्यंत न्या. जोडाशी अडला तर दोन्ही नळ्या एका रेषेत नाहीत. स्टेम थोडं फिरवून बघा, कधी कधी तेवढ्याने जमतं. मग रिकामा पाईप ओठांत धरून हवा ओढा. मंद, सारखा 'हुस्स' आवाज हवा. शिट्टी आली तर टेननची कड पुन्हा बघा. घुसमटल्यासारखं वाटलं तर फट बघा.

ज्यांना वेगळं वागवायचं

पीटरसनच्या काही पाईपांत ओठाशी भोक समोर नसून वरच्या अंगाला असतं, म्हणजे धूर टाळूकडे जातो. तिथे ताणलेला दोरा कड कापतो. पातळ क्लीनरचं टोक वाकवून घाला. काही जुन्या अमेरिकन पाईपांत, केवूडीसारख्या, टेननमध्ये धातूची छोटी नळी किंवा गोळी बसवलेली असते. ती डांबराने चिकटलेली असते, ओढून काढू नका; अल्कोहोलची कापूसकाडी लावून ठेवा, सैल होते. ९ मिलिमीटरच्या फिल्टरचा पाईप असेल तर ती रुंद जागा फिल्टरसाठीच आहे, तिला पोकळी समजून भरू नका. मीरशॉम, म्हणजे तो पांढरा हलका दगडासारखा बाऊल, त्याला पाणी-अल्कोहोल लावू नका. आतून फक्त कोरड्या क्लीनरने पुसा.

सफाईनंतर हमखास एक तक्रार येते : स्टेम सैल झालं. डांबर गेलं, लाकूड सुकलं, तर थोडं सैल पडणारच, आणि मे महिन्यात इंदूरच्या कोरड्या हवेत तर जास्तच. लगेच हात लावू नका. पावसाळ्यात तोच टेनन इतका घट्ट होतो की फिरेना. दोन-तीन आठवडे थांबूनही सैलच राहिला तर टेननच्या बाहेरून मधमाशीच्या मेणाचं पातळ बोट फिरवा. टेनन ऊब देऊन मऊ करून त्यात किंचित जाड ड्रिलची दांडी दाबायची युक्ती बरेच जण सांगतात. तिने टेनन फुगतो खरा, पण आतली नळीही तेवढीच रुंदावते आणि तोंडाची नुकतीच उतरवलेली कड बिघडते. करायचीच असेल तर पॉलिशच्या आधी करा, आणि नंतर नळीचं माप पुन्हा घ्या.